गर्दीच्या आधी पोचणारी माणसे



पुढच्या दोन रांगा ज्येष्ठांसाठी राखून ठेवल्या आहेत, असे मला सांगितले होते. पाहतो तर सगळे सभागृहच ज्येष्ठांनी भरले आहे आणि राखीव रांगेत चार शाळकरी मुले बसली आहेत. बसू द्या त्यांना, उठवू नका. आजचा विषय त्यांच्याही कामाचा आहे.

ही व्याख्यानमाला दादरा-नगर हवेली मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ चालते. २ ऑगस्ट १९५४ ला आपले सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही नावे इथल्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, तेव्हा त्या इतिहासात मी शिरत नाही. मला बोलायचे आहे ते म्हाताऱ्या माणसांवर द्वेषापोटी होणाऱ्या हल्ल्यांबद्दल, आणि ते हल्ले होण्याआधी आपल्याला काय करता येईल याबद्दल.

विषय कळवला तेव्हा एका कार्यकर्त्याने फोनवर सुचवले, ‘साहेब, वृद्धांचा सन्मान असं नाव देऊ या का? जरा बरं वाटेल ऐकायला.’ मी म्हटले, नको. सन्मानाला आपल्याकडे तोटा नाही. शाल आहे, श्रीफळ आहे, १ ऑक्टोबरला सत्कार आहे. पण पाड्याच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी आहे, तिच्याबद्दल गावात कुजबुज सुरू झाली आहे, तिला शालीचा काय उपयोग? रात्री तिच्या दारापुढे माणसे जमली, तर त्या माणसांच्या आणि दाराच्या मध्ये कोण उभे राहणार, एवढाच तिचा प्रश्न आहे. आणि तोच आजचा प्रश्न आहे.

लांबचे उदाहरण शोधायला नको. आपल्या हद्दीला लागून, पालघर जिल्ह्यातले गडचिंचले.

१६ एप्रिल २०२० ची रात्र. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले होते. जुन्या आखाड्याचे दोन साधू कांदिवलीहून सुरतेला निघाले होते. गुरूंच्या अंत्यविधीला जायचे होते. महामार्गावर नाकेबंदी होती म्हणून गाडी आतल्या रस्त्याने निघाली. दोघांपैकी एक सत्तर वर्षांचे, दुसरे तरुण, आणि तिसरा गाडीचा चालक. दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळ वनखात्याच्या नाक्यावर गाडी अडली. त्या दिवसांत गावोगाव अफवांचे पीक आले होते. चोर फिरतात, मुले पळवतात, किडन्या काढतात. गावकरी रात्री काठ्या घेऊन पहारा देत होते. माणसे जमत गेली, शेकड्यांनी जमली. पोलिस आले ते मूठभर. पुढचे तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले आहे. ते सत्तरीचे साधू पोलिसाचा हात धरून बाहेर येतात, आणि तो हात त्यांना वाचवू शकत नाही. तिघेही मारले गेले.

नंतर शंभराहून जास्त लोकांना अटक झाली. पोलिसांवर कारवाई झाली. तपास सीआयडीकडे गेला. या घटनेला धर्माचा रंग देण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्यांची यादीच जाहीर करावी लागली. महिनाभर दूरचित्रवाणीवर भांडणे चालली. त्या सगळ्या आरडाओरड्यात एक गोष्ट मात्र बाजूला पडली. गावच्या सरपंच बाई तिथे होत्या. जमावाला आपण बराच वेळ थोपवून धरले होते, असे त्यांनी नंतर सांगितले.

मंडळी, या ‘बराच वेळ’वर जरा थांबू या. गाडी अडली त्या क्षणी कोणी कोणाला मारलेले नव्हते. गाडी अडणे आणि पहिला दगड पडणे यांच्यामध्ये वेळ होता. त्या वेळात एक बाई जमावाशी बोलत होती. एकटीच बोलत होती. तिच्या बाजूला आणखी दहा जण उभे असते तर? शाळेचे गुरुजी असते, रेशन दुकानदार असता, दोन आशाताई असत्या, गावचा भगत असता, ज्याच्या शब्दाला वजन आहे असा एखादा म्हातारा वारली असता तर? मी छातीठोकपणे सांगू शकत नाही की ते तिघे वाचले असते. पण एकटीला जमाव बाजूला सारू शकतो; गावातली दहा ओळखीची माणसे बाजूला सारायला जमावालाही विचार करावा लागतो. कारण त्या दहांमध्ये कोणाचा तरी मामा असतो, कोणाची तरी मावशी असते.

आणि त्याच आठवड्यात, त्याच परिसरात, सारणी गावाजवळ मदतीचे काम करणाऱ्या एका डॉक्टरांच्या गाडीवरही अशाच अफवेपायी हल्ला झाला होता. म्हणजे इशारा मिळालेला होता. इशारा मिळाला तर तो ऐकून हलायचे कोणी, ही व्यवस्था नव्हती.

माझे म्हणणे इतकेच आहे, आणि पुढचा तासभर मी तेच निरनिराळ्या अंगांनी सांगणार आहे. गर्दी सर्वांत शेवटी येते. तिच्या आधी बरेच काही घडून गेलेले असते. ते शेजाऱ्यांना दिसते, पोलिसांना दिसत नाही. म्हणून पहिला बचाव शेजाऱ्यांनीच करायचा आहे, आणि तो ऐनवेळी जमत नाही. तो आधी बांधून ठेवावा लागतो.

आता दुसरी गोष्ट. ती बोलायला मला जड जाते, कारण सभागृहात आदिवासी समाजातले भाऊबहीण बसले आहेत आणि त्यांना शहरी माणसाने अंधश्रद्धेवर प्रवचन द्यावे हे मलाच आवडत नाही. शहरातला माणूस उच्चशिक्षित होऊन करणी उतरवायला बाबाकडे जातो, हे मी पाहिले आहे. तेव्हा कोणी कोणाला हसू नये.

पण भुताळीची गोष्ट बोलायला हवी. आपल्या बाजूला चेटकिणीला भुताळी म्हणतात, नंदुरबारकडे डाकीण म्हणतात. शब्द कोणताही असो, हा आळ कोणावर येतो? वीस वर्षांच्या धडधाकट माणसावर क्वचितच. बहुतेकदा तो म्हाताऱ्या बाईवर येतो, त्यातही विधवेवर, त्यातही जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे तिच्यावर. हा योगायोग आहे का?

आळ कसा वाढतो, ते पाहा. एका घरातले लेकरू सारखे आजारी पडते. ताप येतो, हातपाय दुखतात, पोट दुखते, रात्रभर रडते. दवाखान्यात नेले की चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. आपल्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि त्याचा स्वभाव नेमका असाच आहे: येतो, जातो, पुन्हा येतो, आईबापांना पिळून काढतो. घरचे दमतात. कोणीतरी भगताकडे नेते. भगत सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहतो आणि सांगतो, बाहेरचे आहे. कोणाचे? तो नाव घेत नाही. दिशा सांगतो, एखादी खूण सांगतो. नाव घरचेच भरतात. आणि ते नाव बहुधा आधीच ठरलेले असते.

दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे विस्तव मागायला कोणी जात नाही. तिने दिलेला पदार्थ मुलांना खाऊ देत नाहीत. विहिरीवर ती आली की बायका घागर उचलून निघतात. लग्नात तिला पंगतीत बोलावतात, पण शेजारची जागा रिकामी राहते. अजून कोणी तिला बोटही लावलेले नाही. पोलिसांत जावे असे काही झालेले नाही. पण शिक्षा सुरू झाली आहे. मग पावसाळ्यात कोणाचा तरी बैल मरतो.

मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या रेट्याखेड्यात ३० डिसेंबर २०२४ ला काय झाले? ७७ वर्षांच्या आजी. मुलगा-सून कामासाठी बाहेरगावी. जादूटोण्याच्या संशयावरून त्यांना बांधून मारले, चटके दिले, चपलांचा हार घालून गावातून फिरवले. आणखीही प्रकार झाले, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाहीत. आरोपींमध्ये कोण? गावचा पोलीस पाटील! ज्याने गावातली खबर ठाण्यापर्यंत पोचवायची, तोच. मला सांगा, आता त्या आजींनी खबर द्यायची कोणाला? बाहेर जगाला ही गोष्ट कळली ती जानेवारीत, घरचे धावपळ करू लागले तेव्हा.

त्याआधी २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला सात जणांना चौकात बांधून मारले, त्यांत वयस्कर माणसे होती. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात बार्सेवाड्याला दोघांना जाळून मारले. देशभरात २०२२ या एका वर्षात जादूटोण्याच्या संशयातून झालेले ८५ खून सरकारच्या गुन्हेनोंदीत आहेत. हे फक्त खून. धिंड, मारहाण, गावाबाहेर काढणे, लेकीच्या घरी कायमचे निघून जाणे, यांची बेरीज त्यात नाही.

‘कायदा आहे ना?’ असे कोणीतरी म्हणेल. आहे, आणि इथेच सिल्वाशाची अडचण आहे. जरा नीट ऐका.

डॉ. नरेंद्र दाभोलकर अठरा वर्षे ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडले, तो २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर चार दिवसांत वटहुकूम म्हणून आला आणि त्या डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. पण त्याचे खरे मोल शिक्षेत नाही. एखाद्या व्यक्तीला ‘ही करणी करते, हिच्यात सैतान आहे’ असे जाहीर करणे, हाच तिथे गुन्हा ठरवला आहे. म्हणजे काठी उचलण्याआधी, नाव घेतल्याबरोबर पोलिसांना बोलावता येते. विहिरीवरची कुजबुज चावडीवर आली की तिथेच अडवता येते. गुजरात विधानसभेनेही २०२४ मध्ये याच धर्तीचा कायदा केला.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला तलासरी, जव्हार, मोखाडा: तिथे महाराष्ट्राचा कायदा. दुसऱ्या बाजूला वलसाड जिल्हा: तिथे गुजरातचा. आपल्या पोटात मघवाल आहे, तेही गुजरातचे. आणि मधे आपण, असा कायदा नसलेले. बहीण मोखाड्यात दिली, भाऊ मांदोणीत राहतो, बाजार खानवेलला. एकच नातेगोते, एकच भगत, एकच अफवा. हद्द ओलांडली की कायदा बदलतो. अफवेला हद्द नाही, कायद्याला आहे.

‘ॲट्रॉसिटीचा कायदा तर सगळीकडे लागू आहे,’ असेही कोणी म्हणेल. बरोबर. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात चेटकीण ठरवून छळणे हा गुन्हा घातला आहे. पण तो आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तरच लागतो. २०११ च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त आदिवासी. आतल्या गावांत तर आळ घेणारी आदिवासी, आळ आलेली आदिवासी. तिथे हे कलम हात टेकते. उरतात धमकी, बदनामी, मारहाण आणि खून यांची नेहमीची कलमे. त्यातली जड कलमे लागतात ती सगळे होऊन गेल्यावर.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर त्याला तिच्यात वेगळे पोटकलम आहे. वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशी यादी आहे, शेवटी ‘किंवा तत्सम अन्य कारण’ आहे. वयाचा शब्द त्या यादीत नाही. वकील मंडळी भांडतील ‘तत्सम’वर. भांडोत. आपल्यापुढे दुसरी वाटही आहे: केंद्र सरकारला एखाद्या राज्याचा कायदा अधिसूचना काढून इथे लागू करता येतो, ही सोय १९६१ च्या दादरा-नगर हवेली कायद्यापासून आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा इथे लागू करा, ही मागणी आपल्या मंडळाने का करू नये? मराठी मंडळांनी काय फक्त कोजागिरी करायची? (हसू नका, मसाला दूध मलाही आवडते.)

पण समजा उद्या कायदा आला. रेट्याखेड्यात तर तो होताच! गडचिंचल्याला पोलिसही होते. म्हणून मी पुन्हा शेजाऱ्यांकडे येतो.

मधे एक गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण ती खेड्यातली नाही आणि कोणाला वाटायला नको की शहरे यातून सुटली. २८ ऑगस्ट २०२४. धुळ्याहून मुंबईला जाणारी गाडी. जळगावकडचे ७२ वर्षांचे मुसलमान गृहस्थ लेकीकडे कल्याणला निघाले होते. जागेवरून बोलाचाली झाली, मग बरणीत काय आहे, मांस कसले आहे यावरून दहा-बारा तरुणांनी त्यांना मारले, शिव्या दिल्या, त्याचे चित्रीकरण केले. ते म्हशीचे मांस असल्याचे सांगत होते, आणि म्हशीच्या मांसावर महाराष्ट्रात बंदी नाही. पण बंदी असती तरी? गाडीच्या डब्यात तपासणी, सुनावणी आणि शिक्षा एकाच वेळी करण्याचा अधिकार त्या पोरांना कोणी दिला? डबा भरलेला होता. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाच्या तोंडात मारताना त्यांना अडवायला किती जण उठले? ‘अरे, म्हातारा माणूस आहे’ असे म्हणायला तरी? गडचिंचल्याला एक सरपंच बाई उभी राहिली, इथे तेवढेही दिसले नाही. फिरत्या डब्यात कोणी कोणाचा शेजारी नसतो, हे याचे कारण. त्यामुळे प्रवासातल्या म्हाताऱ्या माणसाला जपणे सर्वांत अवघड.

मग काय चालते? कुठे चालले आहे का? चालले आहे.

भिवंडी घ्या. १९७० ला दंगल, १९८४ ला दंगल. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या, सुमारे सत्तर. हिंदू-मुसलमान शेजारी एकत्र बसवले आणि त्या भागाच्या हवालदाराला त्यांच्यात बसवले. त्या समित्यांत राष्ट्रीय एकात्मतेची भाषणे होत नव्हती, आणि मला वाटते म्हणूनच त्या टिकल्या. गल्लीतली रोजची भांडणे मिटत होती, तक्रारी सुटत होत्या, आणि त्यातून माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. ज्या गावाचे नाव घेतले की दंगल आठवायची, ते गाव! खोपड्यांनी याच्यावर पुढे मराठीत लिहिलेही. दंगलीचा वणवा यायच्या आधी चार वर्षे रान साफ करून ठेवले होते, एवढेच त्याचे गुपित.

अमेरिकेतले एक उदाहरण. करोना चीनमधून आला म्हणून तिकडे चिनी, थाई, फिलिपिनो म्हाताऱ्यांना रस्त्यात ढकलू लागले. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ८४ वर्षांचे थाई वंशाचे गृहस्थ सकाळी फिरायला निघाले होते, त्यांना जोरात धक्का मारून पाडले, ते गेले. समोरच्या ओकलंड शहरात एका तरुणाने समाजमाध्यमावर लिहिले, चायनाटाउनमधल्या कोणाही आजी-आजोबांना बाजारात, बँकेत जायचे असेल तर मी सोबत येतो. बघता बघता शेकडो स्वयंसेवक उभे राहिले, ‘कम्पॅशन इन ओकलंड’ नावाने काम सुरू झाले. सोबत चालायचे, बस्स. कोणी कराटे शिकले नाही.

तुमच्यातल्या अनेकांची मुले परदेशी आहेत म्हणून आणखी एक सांगतो. फेब्रुवारी २०१५, अमेरिकेतले अलाबामा राज्य. गुजरातमधले एक आजोबा नातवाला सांभाळायला मुलाकडे गेले होते. सकाळी घराबाहेर फेरी मारत होते. कोणीतरी शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, एक अनोळखी माणूस फिरतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हते. पोलिसाने त्यांना असे आपटले की मानेला इजा होऊन त्यांना अंशतः पक्षाघात झाला. त्या शेजाऱ्याला माहीत असते की समोर भारतीय कुटुंबाकडे आजोबा आले आहेत, तर फोन झाला असता का?

हे ऐकून आपण हळहळतो. आता मसाट, आमळी, पिपरिया इथल्या चाळींकडे या. ओडिशातला, बिहारमधला कामगार बाळंतपणासाठी आईला बोलावून घेतो. त्या म्हातारीला ना गुजराती येते, ना मराठी, ना धड हिंदी. दुपारी पोरगा पाळीवर, सून दवाखान्यात, आणि ही बाई रडणाऱ्या कोणाच्याही पोराला खाऊ देते. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या आठवड्यात गावात असेल, तर? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना आठवड्याच्या बाजारच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. मंगळवेढ्याकडची माणसे, मराठीच बोलणारी. त्यांना भाषेने वाचवले नाही, तर ओडिया बोलणारीला काय वाचवणार? तिला एकच गोष्ट वाचवू शकते: चाळीतली चार माणसे ओरडून म्हणतील, ‘अरे, ही तर अमक्याची आई!’ त्यासाठी ती आल्याच्या पहिल्या आठवड्यात तिला चाळीत फिरवून आणायला हवे. घरमालकाला, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला, किराणावाल्याला दाखवायला हवे. यात पैसा लागत नाही. कारखान्यांनी मनावर घेतले तर नव्या कामगाराच्या घरच्यांची अशी ओळख करून देणे हे त्यांच्या कामगार अधिकाऱ्याचे अर्ध्या तासाचे काम आहे.

पाड्यांवर काय करायचे? मी समिती, उपसमिती सांगत बसणार नाही. गावात कोण कोण आधी ऐकते, त्यांना एकमेकांशी जोडायचे. आशाताई घरोघर जाते, आजारी लेकरू कुठे आहे ते तिला आधी कळते. त्या लेकराचे सिकलसेलचे रक्त तपासून कार्ड हातात पडले, तर अर्धा आळ तिथेच मरतो. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही आहे. अंगणवाडीताईला विहिरीवरचे बोलणे ऐकू येते. दुकानदाराला कळते की अमकीच्या हातून कोणी काही घेत नाही. जीपवाल्याला कळते की रात्री कोण कुठून कुठे निघाले. या चौघांना वेगवेगळे कळते, आणि चौघेही गप्प बसतात, कारण प्रत्येकाला वाटते, आपण एकट्याने कशाला तोंड उघडा. त्या चौघांना महिन्यातून एकदा एकत्र बसवा. कुजबुज कळली की दुसऱ्याच दिवशी दोन-तीन बायकांनी त्या म्हातारीच्या ओट्यावर जाऊन चहा प्यायचा. सगळ्यांना दिसेल असा प्यायचा. आणि पुढच्या लग्नात तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर आशाताईने बसायचे.

आणि भगत? भगताला शत्रू करू नका. लोक तुमचे भाषण ऐकून भगताकडेच जाणार आहेत. त्याला भेटा, त्याला आजार समजावून द्या, त्याच्याकडून एक शब्द घ्या: झाडफूक कर बाबा, पण दिशा सांगू नको, खूण सांगू नको, आणि पोराला दवाखान्यात पाठव. दाभोलकरांच्या वाटेने चाललेल्या काही मित्रांना हे पटणार नाही, ते मला माहीत आहे. चर्चेत सांगा.

पोलिसांचे काम पोलिसांनी करायचे आहेच. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आपण फक्त पोटगीसाठी वापरतो. पण त्याच्याखालच्या आदर्श नियमांत आणखी काय आहे, ते कोणी वाचले आहे? प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी. पोलिसाने शक्यतो समाजसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून निदान एकदा त्यांना भेटावे. ठाण्याच्या जोडीला स्वयंसेवकांची समिती असावी. छापील आहे हे! शिवाय १७ जुलै २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जमावाचे हल्ले रोखण्यासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितले आहे. आपल्या जिल्ह्याचा कोण, हे अर्ज करून विचारा. खानवेलच्या ठाण्यात यादी आहे का, विचारा. विचारणारे कोणी आहे, एवढे कळले तरी यादी तयार होते, असा माझा अनुभव आहे. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदतीचा क्रमांक आणि तातडीसाठी ११२ हे दोन आकडे प्रत्येक आजोबांच्या मोबाइलमध्ये नातवाने भरून द्यावेत. पुढच्या रांगेतल्या चौघांनी हे आज रात्रीच करावे. पण ११२ ची गाडी सिंदोणीच्या डोंगरात किती वेळात पोचेल, याचा हिशेबही मनात ठेवा.

आता थोडे आपल्याच मंडळींबद्दल. रागावू नका. सकाळी साडेपाचला उठून शंभर जणांना ‘सुप्रभात’ कोण पाठवते? आपणच. त्या गुलाबाच्या फुलापाठोपाठ ‘सावधान, आपल्या भागात मुले पळवणाऱ्या बायका फिरत आहेत’ हा निरोप पुढे कोण ढकलते? तोही आपणच. नातवाच्या काळजीने ढकलतो, खरे आहे. पण तो निरोप तिसऱ्या गावातल्या कुठल्या तरी आजीच्या दारापर्यंत जातो. ज्येष्ठ नागरिक संघ आपल्या गटावर एवढा एक नियम करू शकतील: जो निरोप ठाण्यात फोन करून खरा आहे का हे विचारले नाही, तो पुढे जाणार नाही. विरंगुळा केंद्रात पत्ते खेळताना कोणाच्या जातीधर्मावर जे विनोद होतात, त्यांच्याबद्दलही मला बोलायचे होते. अध्यक्षांकडे पाहून सोडून देतो.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. घटना घडून गेल्यावर काय? वर्तमानपत्रात येते, अटक होते, ‘गावात आता शांतता आहे’ असे छापून येते. ती शांतता कशाने आलेली असते? म्हातारी गाव सोडून लेकीकडे गेलेली असते म्हणून. आरोपी जामिनावर घरी आणि ती बाहेर. तिची जमीन कोण कसतो, हे जाऊन पाहा. झारखंडच्या छुटनी महातो यांना चेटकीण ठरवून गावाने हाकलले. पुढे त्यांनी स्वतःसारख्या बायकांना आधार देण्याचे काम उभे केले. आसामच्या बिरुबाला राभा यांनी तेच केले, आणि तिथे कायदा येण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दोघींना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दोघींचे सामर्थ्य कशात होते? पीडित बाईबरोबर त्या स्वतः जायच्या. ठाण्यात जायच्या, कोर्टात जायच्या, आणि पुन्हा गावात जायच्या.

आपल्याकडे असे काही घडले, आणि घडू नये, तर मंडळाने माझे एवढे ऐकावे. निषेधाचे पत्रक जरूर काढा. पण त्या बाईला तिच्याच घरात परत न्यायची जबाबदारीही घ्या. पेरणीच्या वेळी तिच्या शेतात माणसे पाठवा, जामिनावर सुटलेल्यांच्या डोळ्यांदेखत. खटल्याच्या प्रत्येक तारखेला तिच्याबरोबर कोर्टात दोघे जण जातील, याची पाळी लावा. तारखा वर्षानुवर्षे पडतात आणि साक्षीदार तिथेच फुटतात. सिल्वाशातल्या वकिलांपैकी कोणी फी न घेता उभे राहणार असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा. एक वकील बाई मघाशीच भेटून गेल्या आहेत.

प्रश्न घ्यायला अध्यक्षांनी वीस मिनिटे दिली आहेत. पहिला प्रश्न त्या मुलांपैकी कोणी विचारला तर मला आवडेल.